आडवा र

"छापू नका," अण्णा म्हणाले आणि त्यांनी प्रुफांचा गठ्ठा मिटून माझ्याकडे सरकवला.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. दोनशे चाळीस पानं होती ती. भर उन्हात सायकल हाणत मी ती घेऊन आले होते, ते "छान झालंय हो" एवढं ऐकायला. त्यांनी भिंगातून जेमतेम अकरा पानं पाहिली होती. बाराव्या पानावर बोट थांबलं, तिथून मागं गेलं, पुन्हा पुढं आलं. मग त्यांनी भिंग धोतराच्या सोग्याला पुसलं आणि डबीत ठेवून दिलं.

"काही चुकलंय का, अण्णा?"

"तुझं काही चुकलं नाही. उपाध्यांना सांग, जोगळेकर नको म्हणाले."

"अहो, पण का?"

"चहा घेतेस?"

हे त्यांचं उत्तर. मी चहा घेतला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. त्यांनीच केला तो, एक्क्याऐंशीव्या वर्षी, भिंतीला न धरता. चहा उत्तम होता आणि त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

ही गोष्ट दोन हजार दहा सालची. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि कराडात उपाध्येकाकांच्या छापखान्यात डीटीपी ऑपरेटर होते. घरी येणाऱ्या पाहुण्यांना मात्र आई सांगायची, "आमची तृप्ती कॉम्प्युटरमध्ये आहे." मीही ते कधी दुरुस्त केलं नाही. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, वाढदिवसाचे फलक यांच्यातून मान वर काढावी असं पहिलंच काम माझ्याकडे आलं होतं, ते म्हणजे नरहर जोगळेकरांचं पुस्तक. अण्णा म्हणजे गावातले जुने आचारी. पन्नास वर्षं त्यांनी लग्नामुंजींच्या पंगती उठवल्या, आणि त्याआधी सात वर्षं एका संस्कृत पाठशाळेत स्वयंपाक केला. हजार पानांना पुऱ्या किती, मसालेभाताला जिऱ्याचं प्रमाण काय, जावई रुसला तर जेवण कसं थोपवून धरायचं, हे सगळं त्या पुस्तकात होतं. पुण्यात प्राचार्य असलेले त्यांचे चिरंजीव श्रीनिवास ते छापून घेत होते. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी अण्णांचा सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होता आणि या शनिवारी मजकूर छपाईच्या प्लेटांना गेला तरच पुस्तक वेळेत बांधून होणार होतं.

आणि आज मंगळवार होता.

परत आले तर काका दारातच. त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे डोळ्यांवर काळा चष्मा. प्रुफं वाचायचं त्यांचं कामही माझ्याच गळ्यात पडलं होतं. खरं सांगायचं तर मी ती वाचलीच नव्हती. समास बघितले, पानांचे आकडे बघितले, मथळे बघितले. शब्द बघायचे राहिले.

"नको म्हणाले? म्हातारा असा तऱ्हेवाईक नाही गं," काका म्हणाले. "कुठल्या पानावर थांबले?"

"बाराव्या."

"वाच की मग बारावं पान. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. "'पहाटे तीनला आचार्यांनी चुली पेटवल्या. आचार्यांच्या हाताखाली चार बायका पुर्या लाटायला...'"

"काय लाटायला?"

"पुर्या." मी पुन्हा पाहिलं. "पुर्या असंच आहे, काका."

"अगं, पुऱ्या! र आडवा पाहिजे. हा वर रफार कुठनं आला?"

मी पान उलटलं. खोबर्याचं सारण. जिर्याची फोडणी. निखार्यावर भाजलेली वांगी. भाकर्या. पुस्तकभर एकही आडवा र शिल्लक नव्हता. प्रत्येक र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसला होता. कानशिलं तापली माझी. ती पानं मीच लावली होती आणि महिनाभर मिरवतही होते.

हे कसं झालं ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. छापखान्यात तोवर सगळं काम विंडोजवर, तेही उसन्या सीडीवरून घातलेल्या. एकदा व्हायरसनं सगळं धुऊन नेलं, तेव्हा काकांनी इंजिनिअरिंग कॉलेजातल्या माळवदेसरांना बोलावलं आणि सरांनी आमच्या मशीनवर लिनक्स घातलं. अण्णांचा मजकूर त्यांच्या दिवंगत पत्नीनं दहा वर्षांपूर्वी एका दुकानात बसून टाइप करून घेतलेला, जुन्या फाँटात. नव्या मशीनला तो वाचता येईना. सरांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. टर्मिनलची काळी खिडकी उघडायची, एक ओळ लिहायची, की जुना मजकूर नव्या अक्षरांत त्या खिडकीत भराभरा उतरायचा.

तो तिथून उचलायचा कसा, हे सरांनी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. पहिल्या दिवशी सवयीनं कंट्रोल आणि सी दाबलं, तर चालता प्रोग्रॅमच बंद पडला. काळ्या खिडकीत त्या दोन बटणांचा अर्थ 'कॉपी कर' नसून 'थांब' असा आहे, हे मला तीनदा बंद पाडल्यावर कळलं. मग माझा मीच शोध लावला. मजकुरावरून माउस नुसता ओढला की मशीन तो उचलतं, आणि दुसऱ्या खिडकीत जाऊन माउसचं मधलं चाक दाबलं की तिथं ठेवतं. बटण नाही, काही नाही. मला ते इतकं आवडलं की दोन दिवसांत अख्खं पुस्तक मी काळ्या खिडकीतून पांढऱ्या खिडकीत आणून ओतलं. काळ्या खिडकीत मराठी तशीही विस्कटलेली दिसायची, काना एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे. पांढऱ्या खिडकीत आली की नीट बसायची. मग शंका कशाला येतेय?

मी सरांना फोन लावला.

"स्क्रीनवरून माउसनं उचललंत?" सर ओरडलेच. "अहो तृप्ती लोहार, तुम्हाला फाइलमध्ये टाका म्हणून सांगितलं होतं! आडवा र करायला अक्षरांच्या मध्ये एक खूण लागते. ती डोळ्यांना दिसत नाही, तिला जागाही लागत नाही. टर्मिनल असली खूण गाळून टाकतं. तुम्ही उचललंत ते तिथं जे उरलं होतं ते."

"मग आता?"

"आता फाइलमध्ये घ्या आणि पुन्हा सगळं लावा."

पुन्हा लावायचं म्हणजे तीन आठवड्यांचं काम पाण्यात. अण्णांनी तोंडी सांगितलेल्या दीडेकशे दुरुस्त्या मी पांढऱ्या खिडकीतच केल्या होत्या. पानं लागली होती, अनुक्रमणिका झाली होती. तरी पुऱ्या, भाकऱ्या, खोबरं आणि जिरं यांचं काही नव्हतं. एकेक शब्द मशीनला सांगून सगळीकडे एकदम बदलता आला असता. अडलं ते एकाच शब्दावर.

अण्णांनी पुस्तकात कुठंही 'मी' लिहिलं नव्हतं. स्वतःला ते 'आचारी' म्हणत. 'आचारी मीठ शेवटी घालतो.' 'आचाऱ्यांनी यजमानांना बाजूला घेतलं.' आणि पाठशाळेच्या प्रकरणात खरेखुरे आचार्यही होते, व्याकरण शिकवणारे. मूळ मजकुरात होतं, 'आचार्यांनी आचाऱ्यांना बोलावणं धाडलं.' माझ्या पुस्तकात झालं होतं, 'आचार्यांनी आचार्यांना बोलावणं धाडलं.' शब्द सगळीकडे एकदम बदलला असता तर खरे आचार्यही चुलीपुढं येऊन बसले असते. मशीनला विचारलं, असा शब्द किती ठिकाणी आहे? चारशे बारा. त्यातला आचारी कोण आणि आचार्य कोण, हे वाक्य वाचल्याशिवाय कळणार नव्हतं.

"चार दिवसांत होतंय का?" काकांनी विचारलं.

"करते," मी म्हटलं.

बुधवारी सकाळी पुण्याहून फोन आला. श्रीनिवाससरांना मी प्रुफं ईमेलनं पाठवली होती, ती त्यांनी पाहिली होती. मी चूक कबूल करायला तोंड उघडलं, पण त्यांनी बोलूच दिलं नाही.

"नाही, नाही, तृप्ती, मला आवडलं ते! आचार्यांनी चुली पेटवल्या, आचार्यांनी यजमानांना बाजूला घेतलं. किती भारदस्त वाटतं! आता असं करा, जिथं नुसतं 'आचारी' राहिलंय ना, तेही 'आचार्य' करून टाका. मुखपृष्ठावरही, 'आचार्य नरहर जोगळेकर'. सोपं आहे ना?"

"सर, पण अण्णा छापू नका म्हणतायत."

"त्यांना काय, जन्मभर सगळ्याला नकोच म्हणत आले. संकोची आहेत. मी बघतो. शनिवारी येतोय, तेव्हा तयार ठेवा."

काकांना सांगितलं. त्यांनी काळा चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा घातला. "गिऱ्हाईक म्हणतंय तर करायला पाहिजे, पोरी. आणि सोपं तेच आहे. एका बटणाचं काम."

खरंच एका बटणाचं काम होतं. माझी चूकही त्यात झाकली जाणार होती, वर शाबासकी. मी मशीनसमोर बसले, बदलायचा शब्द लिहिला, नवा शब्द लिहिला, आणि हात काही पुढं जाईना. भिंग पुसून डबीत ठेवणारे अण्णा डोळ्यांपुढून हलेनात. पुऱ्यांवरच्या रफारासाठी कुणी स्वतःचं पुस्तक नको म्हणत नाही. मी काकांना सांगून सायकल काढली.

अण्णा ओट्याशी उभे राहून ताकाला फोडणी देत होते. मी दारातूनच म्हटलं, "अण्णा, आचारीचं आचार्य झालं ते माझ्या हातून झालं. मशीनमधून मजकूर उचलताना र पडला. पुऱ्यांचाही पडलाय, भाकऱ्यांचाही. मी वाचलं नाही. चूक माझी आहे."

त्यांनी गॅस बंद केला. "तुझ्या हातून?"

"हो."

"श्रीनिवासनं करायला सांगितलं नव्हतं?"

"नव्हतं. प्रुफं तुमच्याकडे आली तोवर त्यांना माहीतही नव्हतं."

ते खाली बसले. कालपासून आवळून धरलेलं काहीतरी त्यांनी सोडलं, हे खांद्यांवरूनच दिसलं. "मला वाटलं, पोराला माझी लाज वाटते. पुस्तक काढतो म्हणाला ते काय, माझ्यावर रंग चढवून काढतो. म्हटलं, त्यापेक्षा नको." मग ते चक्क हसले. "र पडला म्हणजे? कुठं पडला?"

मी सांगितलं, जमेल तसं. ते मन लावून ऐकत होते. मी खरं तेच बोलले होते, पण सगळं बोलले नव्हते. सकाळचा फोन मी गिळला होता. शनिवारी श्रीनिवाससर येऊन तो शब्द खरोखरच करून घेणार, आणि मग या म्हाताऱ्या माणसाचं आत्ताचं हसू खोटं पडणार.

"अण्णा, आचार्य म्हटलं तर एवढं काय? मान आहे की तो."

"मला तो शब्द नवा नाही, मुली. सात वर्षं ऐकलाय पाठशाळेत."

"म्हणजे?"

त्यांनी बराच वेळ ताक ढवळलं. मग म्हणाले, "लिहून घेतेस?"

मी प्रुफाच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं. ते थांबत थांबत सांगत होते आणि पहिल्यांदाच 'मी' म्हणत होते. पान भरत आलं तेव्हा माझं पेन जरा अडखळलं. त्यांनी ते पाहिलं, पण थांबले नाहीत.

"हे पुस्तकात घालू?" मी विचारलं.

"पुस्तक स्वयंपाकाचं आहे."

"पाठशाळेच्या प्रकरणाच्या शेवटी जागा आहे. बरोबर एवढीच."

"श्रीनिवास वाचेल."

"वाचू दे ना."

त्यांनी ताकाचं भांडं माझ्यापुढं ठेवलं. "घाल," म्हणाले. "आणि जेवून जा."

छापखान्यात आल्यावर मी काकांना सरळ सांगितलं, "मी आचारीच करणार आहे. सगळीकडे. सरांना आवडलं नाही तर मला काढून टाका."

"आणि गिऱ्हाईक गेलं तर?"

"पुस्तक अण्णांचं आहे, काका."

काकांनी चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाले, "मला काय दिसत नाही बघ सध्या. डोळ्यांत औषध घातलंय." आणि खुर्ची फिरवून बसले.

गुरुवारी सकाळी आठला सुरुवात केली. माळवदेसरांनी सांगितल्याप्रमाणं मूळ मजकूर या वेळी फाइलमध्ये घेतला, आडव्या र सकट. ती फाइल डावीकडे, लावलेली पानं उजवीकडे. डावीकडे शब्द धरायचा, उजवीकडे ठेवायचा. पहिल्याच शब्दाला फसले. डावीकडच्या 'आचाऱ्यांनी'वरून माउस ओढला, उजवीकडे आले, चुकीचा शब्द पुसायला त्याच्यावरून माउस ओढला, चाक दाबलं. 'आचार्यांनी'च्या जागी पुन्हा 'आचार्यांनी'. परत केलं. परत तेच. सातआठ वेळा झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. हे मशीन जे शेवटचं धरलं तेच लक्षात ठेवतं. चुकीचा शब्द पुसायला धरला की बरोबर शब्द त्याच्या हातातून गळाला. माझ्या लाडक्या शोधानं मला दुसऱ्यांदा तोंडावर आपटलं होतं.

मी माउस बाजूला सारला. चारशे बारा ठिकाणी थांबायचं आणि जिथं आचारी असेल तिथं तो शब्द हातानं लिहायचा, असं ठरवलं. वाक्य वाचायचं, हा चुलीपुढचा की गादीवरचा ते ठरवायचं, मग अक्षर अक्षर लिहायचं. विसाव्या शब्दाला कंटाळा आला. पन्नासाव्याला बोटं दुखली. आणि शंभराच्या आसपास कधीतरी मी पुस्तक वाचायला लागले. लग्नघरात तेल कमी पडलं तेव्हा आचाऱ्यांनी भज्यांऐवजी अळूवडी वाफवून कशी वेळ निभावली. वरमाय म्हणाली, पुरणपोळीत वेलची जास्त झाली, तेव्हा आचाऱ्यांनी तिलाच पोळपाटापुढं बसवलं आणि तिच्या सहा पोळ्या मुकाट्यानं वाढल्या. महिनाभर हे सगळं माझ्या माउसखालून गेलं होतं आणि मला त्याचा वासही लागला नव्हता. मी मोठमोठ्यानं हसत होते. काका खुर्ची वळवून "काय गं? काय गं?" करत होते, मग मी त्यांना वाचून दाखवायची आणि तेही हसायचे.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला मोजलं. आचाऱ्यांचे तीनशे एक्कावन्न, आचार्यांचे एकसष्ट. पुऱ्या, भाकऱ्या, खोबरं सगळं जागेवर. शेवटी अण्णांनी सांगितलेलं पान पाठशाळेच्या प्रकरणाला जोडलं. तेही हातानंच.

शनिवारी दहाला श्रीनिवाससर आले. उंच, गोरे, इस्त्रीचा सदरा. बसण्याआधीच त्यांनी मुखपृष्ठाचा कागद उचलला. त्यावर होतं, 'नरहर जोगळेकर, आचारी'.

"हे काय? मी सांगितलं होतं ना?"

काका माझ्याकडे वळले. मी उभी राहिले.

"सर, तुम्ही सांगितलं ते मी केलेलं नाही. आचारीच ठेवलंय. आधीची चूक माझी होती, ती दुरुस्त केलीय."

"ते कुणाला विचारून?"

"अण्णांना."

"अण्णांना काय कळतं त्यातलं? बाई, पुस्तक मी काढतोय. पुण्याहून माणसं येणार आहेत, विद्यापीठातली. आत्ता बदला. माझ्यासमोर."

"बदलते," मी म्हटलं. "पण प्लेटांना देण्याआधी एक पान वाचून घ्यायचं राहिलंय. नवं आहे, अण्णांनी बुधवारी सांगितलेलं. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवायचं, अशी इथली पद्धत आहे. काकांना दिसत नाही. तुम्ही वाचता?"

त्यांनी घड्याळ पाहिलं, चष्मा लावला आणि पान हातात घेतलं. मी माझा हातानं लिहिलेला कागद पुढ्यात धरला. ते वर्गात वाचावं तसे खणखणीत वाचू लागले.

"'पाठशाळेत मी सात वर्षं होतो. तिथले आचार्य व्याकरण शिकवायचे. मुलं हुशार होती. एकदा भातात खडा निघाला. एका मुलानं भर पंगतीत तो चिमटीत धरला आणि मला हाक मारली, "आचार्य, हा कोणता धातू?" सगळी पंगत हसली. मला विनोद कळला नाही, पण आपल्याला हसले ते कळलं. त्या दिवसापासून मीठ हवं असलं तरी "आचार्य", ताक हवं असलं तरी "आचार्य". पुढे ते खऱ्या आचार्यांच्या कानावर गेलं. तेही हसले. मी काम सोडणार होतो. त्याच महिन्यात श्रीनिवास झाला, म्हणून सोडलं नाही.'"

आवाज जरा उतरला. मी कागदावरचं बोट पुढं सरकवलं.

"'तो पाच वर्षांचा असताना नागपंचमीला आईचा हात धरून पाठशाळेत आला. पंगत बसली होती. मुलं नेहमीप्रमाणं हाका मारत होती. रात्री त्यानं मला विचारलं, "अण्णा, तुम्ही आचार्य आहात?" त्याचे डोळे इतके...'"

ते थांबले. काकांची खुर्ची करकरली. सरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि बारीक आवाजात उरलेलं वाचलं.

"'त्याचे डोळे इतके मोठे झाले होते की मी हो म्हटलं. मुलाशी मी एवढंच एक खोटं बोललो. स्वयंपाकात कधी बोललो नाही. आचाऱ्याला आचारी म्हणावं.'"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "मूळ कागदाप्रमाणं आहे."

ते पान हातात धरून बसून राहिले. मीही बसले. काकांनी बाहेर चहा सांगितला, तो आला, निवला.

"मी शाळेत सांगितलं होतं," ते शेवटी म्हणाले. आमच्याशी बोलत होते की पानाशी, कळत नव्हतं. "पहिलीत. बाईंनी विचारलं, वडील काय करतात. मी उभा राहून म्हटलं, माझे अण्णा आचार्य आहेत. बाई हसल्या, मग वर्ग हसला. आचाऱ्याचं पोर म्हणून मॅट्रिकपर्यंत चिडवत होते मला. मला वाटायचं, अण्णा आचार्य असते तर." त्यांनी पान टेबलावर ठेवून तळहातानं सरळ केलं. "तुमची ती चूक पाहिली आणि वाटलं, झाले एकदाचे."

त्यांच्यावर चार दिवस दात धरून होते मी, आणि आता त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"सर, मग बदलू?" मी विचारलं. विचारणं भाग होतं.

"नको."

त्यांनी मुखपृष्ठाचा कागद पुन्हा एकदा पाहिला आणि काकांच्या हातात दिला. मग पानं चाळत शेवटच्या पानावर गेले. तिथं मी त्यांनीच पाठवलेला मजकूर घातला होता. प्रकाशक, खाली ठळक अक्षरांत, 'प्राचार्य डॉ. श्रीनिवास नरहर जोगळेकर'.

"हे काढा," ते म्हणाले.

"सगळं?"

"नाव ठेवा. प्राचार्य, डॉक्टर, ते काढा. आणि नावापुढं लिहा, 'आचाऱ्यांचा मुलगा'."

काका म्हणाले, "सर, बघा हं. विद्यापीठातली माणसं येणार म्हणता."

"वाचतील की," सर म्हणाले.

मी मशीनसमोर बसले. तो शब्द डावीकडच्या खिडकीत तीनशे एक्कावन्न वेळा होता, कुठूनही उचलता आला असता. मी हातानं लिहिला. सर उठून माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले आणि वाकून पडद्याकडे बघू लागले.

"तो र आडवाच आहे ना?"

"आडवाच आहे, सर."

"मोठा करून दाखवा."

मी अक्षर पडदाभर मोठं केलं. त्यांनी बोटानं तो र एकदा गिरवला, आणि मग म्हणाले, "द्या प्लेटांना."